कंसातलं नाव

रोज दुपारी साडेबारा वाजता मी शेजारच्या काकांच्या स्वयंपाकघरात बसून मेलेल्या माणसांची नावं ऐकायचे. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत घरून काम करणाऱ्या बाईला जानेवारीत जेवणाच्या सुट्टीत दुसरं करण्यासारखं काय असतं? बाहेर उणे वीस, नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत. काकांच्या घरी निदान चहा मिळायचा, आणि तोही कडक, तांबूस, दूध घातलेला. अमेरिकेत सोळा वर्षं काढून मला असा चहा फक्त त्या एका घरात मिळाला.

काका म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांचे आयरिश गृहस्थ. एकोणिसाव्या वर्षी गाव सोडून इथे आले, काउंटीचा बर्फ काढणारा ट्रक चालवून निवृत्त झाले, मिनेसोटातल्याच बाईशी संसार केला. बायको गेली तेव्हापासून एकटे. एक मुलगा होता, तो ॲरिझोनात. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानं हाक मारायला हवी होती, पण वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारताना माझी जीभ वळत नाही. म्हणून काका. त्यांनी अर्थ विचारला. वडिलांचा भाऊ, म्हटलं. ‘तुझ्या वडिलांना विचारलंस का?’ म्हणाले, आणि त्या दिवसापासून फोनवरसुद्धा ‘काका बोलतोय’ म्हणायला लागले.

त्यांच्या गावाकडच्या रेडिओवर संध्याकाळच्या बातम्यांनंतर त्या मुलखात कोण कोण गेलं ते वाचून दाखवतात. तिथे संध्याकाळचे साडेसहा, तेव्हा इथे दुपारचे साडेबारा. काका ते टॅब्लेटवर ऐकायचे. एकदा ॲप अपडेट झालं आणि आवाज बंद पडला, तेव्हा पायात स्लिपर, गुडघ्याएवढा बर्फ, अशा अवस्थेत ते माझ्या दारात उभे राहिले. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, हे त्यांना ठाऊक होतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण दुसऱ्या दिवशी नीट चाललंय ना बघायला मी गेले, तिसऱ्या दिवशी चहा झाला, आणि मग ती सवयच पडली.

वाचणाऱ्या बाईचा आवाज एकसुरी. संगीत नाही, उसासे नाहीत. आधी नाव, मग वाडी, मग अंत्यदर्शन कधी आणि दफन कुठे. पुढच्या नावाआधी एक श्वास. तेवढ्या श्वासात काका आपला शेरा मारायचे. ‘हिच्या आईकडे मारकी गाय होती.’ ‘ह्याच्या बापानं कुंपणाचा एक दगड सरकवला, त्यावरून दोन पिढ्या बोलत नव्हत्या.’ पासष्ट वर्षं जे गाव डोळ्यांनी फारसं पाहिलं नाही, त्याची खडान्‌खडा माहिती.

गाव एवढंसं. एक रस्ता, एक चर्च, दारूची दोन दुकानं, बंद पडलेली दूधडेअरी आणि काठी-चेंडूच्या खेळाचं मैदान. मधून नदी. वरच्या अंगाचे लोक खालच्या अंगाच्यांना ‘तिकडचे’ म्हणतात. तिथल्या शाळेत पाच कोसांवरून आलेल्या एका मास्तरांनी चाळीस वर्षं शिकवलं. ते वारले तेव्हा सगळा गाव रडला आणि म्हणाला, ‘परगावचा होता, पण माणूस चांगला.’ हे सांगताना काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

मला हसू यायचं नाही. गाव करी ते राव न करी, असं आपल्याकडे म्हणतात, ते मी लहानपणापासून जरा वेगळ्या अर्थानं ऐकत आलेय. कोण आतला आणि कोण बाहेरचा हे गावानं ठरवायचं, आणि बाहेरच्यानं चाळीस वर्षं शिकवून ‘चांगला’ एवढं प्रशस्तिपत्र घेऊन मरायचं, यात कौतुक ते काय? आमच्या घरात गाव ही सोडायची गोष्ट होती. सोडलं, शिकलो, सुटलो. इथल्या मराठी कार्यक्रमांत एखादी काकू हमखास गाठते. ‘नागपूर ते कळलं गं, पण मूळ गाव? माहेरचं आडनाव?’ ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार मला पाठ आहे. मी ‘नागपूर’ म्हणते, हसते आणि ताटात आणखी एक पुरी वाढून घेते.

काकांना मात्र त्यांचं भांडं लपवता येत नव्हतं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सरळ विचारलं, ‘तुमचं गाव कुठलं? घर कुठल्या बाजूला?’ मी नागपूर म्हटलं. ‘ते शहर झालं,’ म्हणाले आणि वाट पाहत बसले. मी चहा संपवून निघून आले.

त्यांच्या वाडीत सात घरं एकाच आडनावाची, आणि त्यात पहिलं नावसुद्धा आजोबाचं नातवाला ठेवायची रीत. त्यामुळे काकांच्या नावाचे, आडनावासकट, एका वेळी तिघं जण शाळेत होते. मग ओळखायचं कसं? तर प्रत्येक घराला गावानं एक नाव दिलेलं. काकांच्या आजोबांचा पाय अधू होता, म्हणून ते सगळं घराणं ‘लंगडे’. ‘मी शाळेत पळण्याच्या शर्यतीत पहिला यायचो,’ काका म्हणाले, ‘तरी मास्तर ओरडायचे, शाबास रे लंगड्या!’ रेडिओवरसुद्धा ते नाव वाचतात, खऱ्या नावाच्या मागे, कागदावर कंसात असतं तसं. मला ऐकवेना. मेलेल्या माणसाला लंगडा म्हणायचं, आणि तेही रेडिओवरून!

मिनेसोटात महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी एक वाजता वादळाचे भोंगे वाजवून बघतात. सोळा वर्षांत मला त्याची सवय झालेली नाही. फेब्रुवारीतल्या तशाच एका बुधवारी मी काकांकडे बसले होते, भोंगा वाजला आणि माझ्या हातातला चहा टेबलावर सांडला. काकांनी फडकं दिलं. म्हणाले, ‘दर महिन्याला दचकतेस. काय आहे ते?’

का कोण जाणे, सांगितलं. आमच्या गावात ग्रामपंचायतीचा भोंगा होता. रेशनची साखर आली, पोलिओचा डोस आहे, कोणी वारलं, सगळं त्यावरून सांगायचे. माझ्या आजोबांचं नाव चांगलं लांबलचक, चार अक्षरी, पणजोबांनी विचारून-सवरून ठेवलेलं. आजोबा सहीसुद्धा पूर्ण करायचे, सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं. गावानं त्या नावाचा तुकडा पाडला होता आणि पुढे आमच्या जातीला नेमून दिलेलं काम चिकटवलं होतं. सगळ्या गावात त्यांना पूर्ण नावानं हाक मारणारं एकही माणूस नव्हतं. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. भोंग्यावरून तोच तुकडा वाचला गेला. दुकानासमोर बसलेले दोघं हसले. हसण्यासारखं काय होतं, मला आजही सांगता येणार नाही. वडिलांनी एका चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहिलं आणि पंचायतीत गेले. पुन्हा वाचा म्हणाले. तिथला माणूस म्हणाला, ‘ह्या नावानं कोण ओळखणार?’ वडील चिठ्ठी तशीच खिशात घालून परत आले. त्याच जूनमध्ये आम्ही नागपूरला गेलो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी त्यांना माझ्या गावाचं नाव सांगितलं. अमेरिकेत ते नाव मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं, आणि तेही एका आयरिश म्हाताऱ्यापुढे. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

‘आणि आजोबांना गाव काय म्हणायचं?’

‘ते नाही सांगणार,’ मी म्हटलं.

‘बरं,’ म्हणाले. थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, ‘माझ्या पाठचा भाऊ दोन दिवसांत गेला. बाप्तिस्मा व्हायच्या आत. तशी मुलं तेव्हा दफनभूमीत घ्यायचे नाहीत. भिंतीबाहेर एक पडीक शेत होतं, तिथे वडिलांनी त्याला पुरलं. त्याची खबर कोणी वाचली नाही. नावच ठेवलं नव्हतं, वाचणार काय?’ मग त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मी इतके दिवस त्यांच्या गावावर मनातल्या मनात रागावून होते, तो राग त्या दिवशी जरा निवला. गेला म्हणणार नाही.

त्याच दिवशी त्यांनी फ्रिजवर चुंबकानं अडकवलेला कागद दाखवला. स्वतःच्या मृत्यूची खबर त्यांनी स्वतःच लिहून ठेवली होती. नाव, कंसात ‘लंगडे’, ईडन प्रेरी, पूर्वीची वाडी, बायकोचं नाव, मुलाचं नाव. खाली गावात अंत्यसंस्काराचं काम पाहणाऱ्या बाईचा ईमेल. ‘मला इथेच, बायकोशेजारी पुरतील. ते ठीक आहे,’ म्हणाले. ‘तिकडे आता आमचं कोणी नाही, घराला छप्पर नाही. पण खबर गेली पाहिजे. आमच्या गावातून अमेरिकेला गेलेले किती तरी असे आहेत, की त्यांचं काय झालं कोणाला माहीत नाही. ज्याची खबर वाचली गेली नाही तो मेला नाही, नुसता हरवला. मला हरवायचं नाही. मुलगा भला आहे, पण त्याला गाव म्हणजे पोस्टकार्डावरचं चित्र. तू पाठव. लिहिलंय तसं पाठव.’

मी हो म्हटलं.

मार्चच्या शेवटी, बर्फ वितळून छपरांवरून थेंब टपकत असताना, काका खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मीच पाहिलं, साडेबाराला त्यांच्याकडे पोचले तेव्हा. टॅब्लेटवर ती बाई नावं वाचत होती. मी ती सगळी शेवटपर्यंत ऐकली. उठून बंद करायचं सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर एकटीनं रडायला ते बरं पडलं.

मुलगा ॲरिझोनाहून आला. साठीचा, उंच, बापासारखेच मोठे कान. त्यानं फ्रिजवरचा कागद काढून माझ्या हातात दिला. ‘हे तुम्ही करणार असं डॅड म्हणाले होते.’

मी घरी येऊन ईमेल लिहायला बसले. नाव टाइप केलं आणि कंसापाशी थांबले. विसरले असं नाही. मी ते मुद्दाम गाळलं. चौऱ्याऐंशी वर्षं जगलेल्या, हिमवादळात लोकांचे रस्ते मोकळे केलेल्या माणसाला जाताना तरी स्वतःचं पूर्ण नाव मिळावं, लंगडा बिंगडा काही नको, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, सेंड दाबताना मला फार बरं वाटलं. वडिलांच्या खिशात राहिलेली चिठ्ठी मी कुठेतरी पोचती केली, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मुलगा आणि मी काकांच्या टेबलाशी बसलो. नाव वाचलं गेलं, पूर्ण, स्वच्छ. मुलानं रुमाल काढला. त्या लोकांची एक वेबसाइट असते, तिथे प्रत्येक खबरीखाली गावकरी एकेका ओळीत दुःख कळवतात. मी संध्याकाळी ती उघडली. तीन ओळी होत्या, तिन्ही मिनेसोटातून. एक तर माझ्याच नवऱ्याची. दुसऱ्या दिवशीही तीनच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी ते पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत होते. गाव गप्प होतं. मुलगा म्हणाला, ‘पासष्ट वर्षं झाली. कोण लक्षात ठेवणार?’ त्याचा स्वर कडू नव्हता. ते मला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. अंत्यसंस्काराचं काम पाहणारी ती बाई. मागे ग्लासांचा आवाज येत होता, कारण तिकडे दारूचं दुकान आणि हे काम बहुधा एकाच घरात चालतं.

‘तुम्ही पाठवलेल्या खबरीनं इकडे गोंधळ झालाय,’ ती म्हणाली. ‘त्या नावाचे दोघं जण त्याच वाडीतून अमेरिकेला गेले. ईडन प्रेरी काय नि शिकागो काय, इथे सगळी अमेरिकाच. लोकांना वाटलं, टेकडीवरच्या घरातला गेला. त्याची बहीण आहे इथे, म्हातारी. काल तिच्या घरी सगळे सँडविच घेऊन पोचले. तिनं रडत रडत भावाच्या शिकागोच्या नंबरवर फोन लावला, तर तो त्यानंच उचलला.’

‘अरे देवा,’ मी म्हटलं.

‘तसं वाईट झालं नाही,’ ती म्हणाली. ‘दोघं बरीच वर्षं बोलत नव्हते. काल तासभर भांडले. पण मग तुमचा माणूस कोण? नुसत्या ह्या नावानं इथे कोण ओळखणार?’

तेच वाक्य. पंचायतीतल्या माणसाचं, अक्षरशः तेच. पण त्या माणसाला ऐकून घ्यायचं नव्हतं. ही बाई कानाला फोन लावून थांबली होती. मी स्वतःच्या हातानं काकांना हरवलं होतं. ज्या एका गोष्टीची त्यांना भीती होती, नेमकी ती मी केली होती, आणि वर स्वतःची पाठ थोपटली होती. मला स्वतःची लाज वाटली. मी तो शब्द उच्चारला.

‘लंगड्यांचा.’

ती फोनवरून तोंड वळवून कोणाला तरी ओरडली, ‘अगं आई, लंगड्यांचा! पळायचा तो!’ मागून एक म्हातारा आवाज आला, भराभर, मला काही कळेना. मग बाई परत आली. तिचा आवाज बदलला होता. ‘आई रडतेय. म्हणते, नदीला पाणी असलं की तो तिला पाठीवर घेऊन शाळेत न्यायचा. आधी का नाही सांगितलंत हो?’

मी म्हटलं, ‘चूक झाली. त्यांनी कागदावर लिहिलं होतं. मीच गाळलं.’

‘उद्या पुन्हा वाचायला लावते,’ ती म्हणाली.

कागदातलं मी काय गाळलं होतं ते त्याच दुपारी काकांच्या मुलाला सांगितलं. त्यानं माझ्या हातातला कागद घेऊन कंसातला शब्द वाचला. मग म्हणाला, ‘मग मीसुद्धा लंगडाच का?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘घराण्याचंच नाव आहे.’

त्याला ते आवडलं, असं दिसलं.

शुक्रवारी साडेबाराला त्या एकसुरी आवाजानं नाव वाचलं, मग कंसातलं वाचलं, मग ईडन प्रेरी, मग वाडी. मी काकांसारखं त्या एका श्वासात काहीतरी म्हणायला गेले, तोवर पुढचं नाव सुरू झालं. संध्याकाळपर्यंत त्या पानावर ओळींवर ओळी येत गेल्या. तुमच्या दुःखात सहभागी, असंच बहुतेकांनी लिहिलं होतं. कोणी लिहिलं, त्याच्या सायकलचा सांगाडा आमच्या गोठ्यात अजून आहे. शिकागोच्या म्हाताऱ्यानंही लिहिलं, ‘माझ्याऐवजी गेल्याबद्दल आभारी आहे.’ मुलानं सगळं छापून घेतलं. जाताना तो मला फ्रिजवरचं ते चुंबक देऊन गेला.

मे महिन्यात एका रविवारी मी माझा कागद लिहिला. माझं नाव. नातं म्हणून आजोबांचं नाव, पूर्ण, चारही अक्षरं. मग गाव. खाली, तिथे अजून राहणाऱ्या चुलत भावाचा नंबर. काकांच्या चुंबकानं तो आमच्या फ्रिजवर लावला. पंधरा वर्षांची मुलगी दूध काढायला आली आणि वाचत उभी राहिली.

‘आई, धिस इज मॉर्बिड,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘कोण वाचणार हे?’

‘गावात भोंगा आहे. त्यावरून वाचतात. तू फोन करायचा.’

‘नथिंग इन ब्रॅकेट्स?’ काकांची सगळी गोष्ट तिला माहीत होती.

‘नाही.’

‘बट देन दे वोंट नो हू इट इज.’

‘नाही कळणार,’ मी म्हटलं. ‘विचारतील, हे कोण म्हणून. तेव्हा तू सांग.’